खुंटीवरचं ताट

नबीचं ताट ट्रंकेत गेलं होतं, आणि ट्रंक आदल्या दिवशीच मचव्याने मुंबईला.

हे ध्यानात आलं तेव्हा हसकेलकाकाच्या घरात पोहे भिजवून झाले होते, नारळ खवून झाले होते. मी अंगणात केळीची पानं पुसत बसले होते. आतून दियाकाकी ओरडली, "अगो, देवळीत नुसतं फडकं आहे! ताट कुणी हलवलं?"

"तूच म्हणालीस ना, पितळ सगळं आधी भरा," काकाचा आवाज.

"पितळ म्हणजे हंडे-कळश्या! एलियाहू हनाबीचं ताट भरा म्हणाले होते का मी?"

मला हसू आलं. त्या घरात मला हसू येण्यासारखं क्वचित घडायचं, तेव्हा मी ते आवरलं नाही.

आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं सांगतात. इथे त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. नवस बोलायचा किंवा फेडायचा म्हणजे आमच्यात मलिदा करतात. गोड पोह्यांची रास, वर खजूर, केळी, तळलेलं काळीज, गुलाब, सब्जा. त्यातला पहिला वाटा एलियाहू नबीचा. त्याचं ताट वेगळं. त्यात कुणी जेवत नाही, त्याला दुसऱ्या भांड्यांत मिसळत नाहीत. नवस करताना नबी गुपचूप येऊन जातो म्हणतात. त्याचा वाटा संध्याकाळी खाडीत सोडतात.

तो मलिदा आमच्या गावचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने उरलेली सगळी घरं मुंबईला आणि तिथून इस्राएलला निघायची होती. सुखरूप पोचवलंस तर तिथे पहिला मलिदा तुझाच, असा नवस बोलायचा होता. सगळी घरं म्हटलं खरं, पण आम्ही दोघी त्यात नव्हतो. मी आणि माझी आई.

माझा बाप एलोजी, हसकेलकाकाचा धाकटा भाऊ. त्याने आगऱ्याच्या रखमेशी संसार मांडला. तिचं नाव राहेल ठेवलं, तिला शनिवारचा शब्बाथ शिकवला, चैत्रातला वल्हांडणाचा सण शिकवला. ती सगळं शिकली. तरी ती बाहेरची, आणि तिच्या पोटची म्हणून मी काळी इस्राएल. बाकीचे गोरे. कातडीशी ह्याचा संबंध नाही. माझा बाप तव्याच्या बुडासारखा होता आणि तो गोरा. मी त्याच्याहून दोन छटा उजळ, आणि मी काळी.

काकाच्या घरी सणासुदीला बाप आत जेवायचा. आई आणि मी ओटीवर. आमचं ताट ओटीच्या बाहेरच्या भिंतीला खुंटीवर टांगलेलं असायचं. बापानेच ते पनवेलहून आणलेलं. जाड पितळेचं, काठाला एक पोचा. आतल्यांचं आटोपलं की काकी बाहेर यायची आणि वरून, हात लागणार नाही अशा बेताने, त्यात टाकायची. बाप उंबऱ्याच्या आत बसून हात धूत असायचा. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग येई. तो मेल्यावरसुद्धा राग कमी झाला नाही.

त्या दिवशी आई घरी अंथरुणाला होती. पावसाळ्यानंतर ती उठलीच नव्हती. सकाळी निघताना तिने माझा पदर धरला.

"उद्या सगळी जातील, मोझेल."

"जाऊ देत."

"आज एकदा पहिल्या फेरीतलं आण मला. गाणं संपलं की लगेच वाढतात ना, तेव्हाचं. त्यांचं होऊन उरलेलं नको."

"तुला काय फरक पडतो ग? पोहे तेच."

"तेच असतील. मी खाल्लेले नाहीत ना कधी."

मी काकाच्या घरी पोचले ती थेट त्याच्यापाशी. तो अंगणात सामानाच्या दोऱ्या आवळत होता. "काका, आईचा वाटा आज पहिल्या फेरीत काढाल?"

त्याने मान वर केली नाही. "बघू."

हसकेलकाका 'बघू' म्हणाला की ते काम होत नाही, हे गावातल्या बैलांनाही ठाऊक होतं.

तर नबीचं ताट गेलं. आत सगळे एकदम बोलत होते. शेवटी रहामीन हजानचा आवाज आला. हजान म्हणजे आमचा प्रार्थना चालवणारा. कोंबडी कापायलाही तोच आणि सुंता करायलाही तोच. तो मुलांना काकाच्याच घरात शिकवायचा तेव्हा मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकायची. माझी शाळा चौथीला सुटली, पुढचं सगळं मी त्या खिडकीबाहेर आणि रद्दीच्या कागदांवर शिकले.

"आरडाओरडा नको," हजान म्हणाला. "दुसरं ताट घ्या. फक्त आपल्यापैकी कुणी त्यात जेवलेलं नको. एकदाही नको."

"असं ताट कुठून आणायचं आता?" काकी म्हणाली. "बाजारातून आणू म्हटलं तर बाजार रेवदंड्याला. आणि आहे ते सगळं उष्टावलेलं."

"शोधा. सापडेल."

तेवढ्यात काकीने मला खिडकीतून हाक मारली, "ए मोझेल, पानं राहू देत. वाडीत जा, सब्जा घेऊन ये, आणि देठं मोडू नकोस." मी गेले. वाडी खाडीच्या अंगाला होती. परत आले तर दार लोटलेलं आणि आत गाणं सुरू झालेलं. सब्जाची जुडी मी उंबऱ्यावर ठेवली. आतून एक हात आला आणि ती घेऊन गेला. मी माझ्या जागी, खिडकीशी उभी राहिले.

सगळे पांढऱ्या चादरीभोवती बसले होते. मध्ये मोठ्या परातीत रास. हजानने झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हटला, मग जमिनीच्या फळाचा, मग सुगंधाचा, आणि सब्जा हातोहात फिरला. माझ्या हाताने खुडलेला सब्जा एकेक जण नाकाशी धरत होता, त्याला काही विटाळ नव्हता. मग हजानने पहिला वाटा उचलला आणि शेजारच्या चौरंगावर नबीच्या ताटात ठेवला.

काठाला पोचा होता.

मी डोळे पुसून परत पाहिलं. राखेने घासून त्याला असं लख्ख केलं होतं की मी आयुष्यात ते तसं पाहिलं नव्हतं. पण पोचा तोच, आणि टांगायला बापाने पाडलेलं भोकही तेच. मी मागे वळून भिंतीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. तिच्याखाली भिंतीवर ताटाएवढा गोल, बाकी भिंतीपेक्षा पांढरा.

मला ओरडता आलं असतं. मी ओरडले नाही. काका नवस बोलला, सगळ्यांनी आमेन म्हटलं, मी बाहेरून म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

मग वाढायला सुरुवात झाली. पहिली फेरी संपली, दुसरी संपली. बऱ्याच वेळाने काका हातात द्रोण घेऊन बाहेर आला. द्रोणात तळाला थोडे पोहे आणि अर्धं केळं.

"ताट धर."

"ताट नाही."

त्याने खुंटीकडे पाहिलं. "कुठाय?"

"आत."

"आत कुठं?"

"नबीपुढं."

तो वळला आणि आत गेला. द्रोण त्याने ओटीवर ठेवला नाही, त्याच्या हातातून तो पडला.

आत काय झालं ते मी खिडकीतून सगळं पाहिलं. काकी भिंतीला टेकली. काका एस्तेर वहिनीवर धावून गेला. वहिनी म्हणजे त्याची सून, मुंबईची, लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. ती रडायला लागली.

"मला काय माहीत, मामंजी! ते एकटंच होतं बाहेर. मी सासूबाईंना विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस?"

"म्हटलं, बाहेर खुंटीला एक ताट आहे, त्यात कोण जेवतं? त्या म्हणाल्या, कोणी नाही."

सगळे काकीकडे बघायला लागले. काकी म्हणाली, "मी खजूर निवडत होते. माझं लक्ष नव्हतं."

खोटं बोलत नव्हती ती. तिला तसंच वाटत होतं. कोणी नाही.

"आता?" काका हजानवर उलटला. "नवस बोलून झाला. वाटा चढवला. काळ्यांच्या ताटात! उद्या लाँच आहे, हजानसाहेब, पोराबाळांना समुद्रापार न्यायचंय. हा मलिदा धरायचा की नाही?"

"पुन्हा करायला साहित्य आहे?"

"मूठभर पोहे नाहीत घरात. सगळं आवरलंय."

रहामीन हजान खाली बसला. त्याने दाढी चोळली. तो शूर माणूस नव्हता, हे मी आधीच सांगते. त्यालाही उद्याची लाँच गाठायची होती.

"ताट कशाचं आहे?"

"पितळेचं," वहिनी नाक ओढत म्हणाली. "मी तीनदा घासलंय."

"मातीचं असतं तर फोडावं लागलं असतं. मोशेच्या नियमात तसं आहे. धातूचं असेल तर घासायचं, विसळायचं. झालं."

मी खिडकीतून म्हणाले, "हजानसाहेब, मातीचं कशासाठी फोडायचं? विटाळलेलं म्हणून, की पवित्र झालं म्हणून?"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मी कधी खिडकीतून बोलले नव्हते.

"तुला कुणी विचारलं?" काका.

"तुम्हीच शिकवलंत, हजानसाहेब. मेलेली पाल मातीच्या मडक्यात पडली तर मडकं फोडा. आणि वेदीवरचं पवित्र मांस मातीच्या मडक्यात शिजलं तर तेही फोडा. मी ह्या खिडकीत ऐकलंय."

"हो," हजान म्हणाला. "दोन्हीला तेच लिहिलंय."

"मग हे ताट दोन्हींतलं कुठलं?"

त्याने ताटाकडे पाहिलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"कादोश, पवित्र, म्हणजे वेगळं काढलेलं," तो काकाला म्हणाला. "नबीला वेगळं ताट लागतं, त्यात आपण कुणी जेवलेलं चालत नाही. हसकेल, ह्या गावात ह्याच्याइतकं वेगळं ठेवलेलं दुसरं ताट नाही. आपणच ठेवलंय, इतकी वर्षं. आज तू ह्याला अपवित्र म्हणालास तर नवस गेला. काय म्हणतोस?"

काकाने पगडी नीट केली. मग घसा साफ करून सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "नवस झाला आहे. ह्यावर मुंबईत कुणी तोंड उघडायचं नाही."

वाटलं, संपलं. त्यांचं संपलं होतं. मी उंबरा ओलांडून आत गेले. जन्मात पहिल्यांदा. जमीन शेणाने सारवलेली होती, आमच्या घरासारखीच. मी चौरंगापाशी जाऊन ताट उचललं.

"ए! ते नबीचं आहे!" काकी किंचाळली.

"ताट माझ्या आईचं आहे. आणि आईचा वाटा पहिल्या फेरीतला."

"तो वाटा खाडीत जातो!"

"आमचं घर खाडीच्याच वाटेवर आहे."

ते सगळे उभे राहिले. इतके पुरुष, मी एकटी, हातात भरलेलं ताट. मला अडवायला कुणीतरी माझा दंड धरायला हवा होता. बस, एवढंच. कुणी धरला नाही. सगळे बाजूला सरले, बायकांनी लुगडी आवरली, मला मधून वाट झाली. मी चालत बाहेर पडले आणि तशीच घरी गेले.

आई भिंतीला टेकून बसली होती. मी ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी पोच्यावरून बोट फिरवलं.

"हे तर आपलंच."

"हो. पण वाटा पहिल्या फेरीतला. त्याच्याही आधीचा."

मी तिला सगळं सांगितलं. हसून हसून सांगितलं. काकीचा चेहरा, काकाची पगडी, वहिनीचं रडं. ती हसली नाही. तिने हात मागे घेतला.

"नबीचा घास आणलास तू?"

"आपल्या ताटातला, आई."

"तो येईल तिथं. बघेल तर ताटच नाही."

"आई, कोणी येत नाही! इतकी वर्षं त्या लोकांनी तुला कुत्र्यासारखं बाहेर बसवलं, आणि तू त्यांच्या नबीची काळजी करतेस? खा. तुझ्यासाठी आणलंय. खा म्हणते ना!"

मी ओरडत होते. ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते सगळे पलीकडे ट्रंका बांधत होते, आणि मी ओरडत होते तिच्यावर.

तिने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "त्याला बायको-पोरं नव्हती ना ग? नबीला?"

"मला काय ठाऊक. नसतील."

"रानात राहायचा म्हणे. कावळे भाकर आणून द्यायचे. सगळ्यांचं घरदार, सगळे गोलात बसलेले, आणि ह्याचं ताट एकट्याचं चौरंगावर. शेजारी कोणी नाही. एवढी वर्षं एकटाच जेवतोय तो." तिने राशीच्या मधून बोटाने सरळ रेघ ओढली. "अर्धं त्याचं. अर्धं मी खाते. सोबत होईल त्याला."

आणि ती जेवली. सावकाश, दोन्ही गुडघे जवळ घेऊन, समोर कुणीतरी बसलं असताना जेवावं तशी. खजुराची बी तिने रेघेच्या आपल्या बाजूला ठेवली. एकदा म्हणाली, "साखर कमी आहे." ते मला उद्देशून नव्हतं.

मी दारात बसले होते. ताटात त्या दोघांची जागा होती. मला कुणी बोलावलं नाही.

सकाळी काका आला. आमच्या अंगणात तो कधी आला नव्हता, त्यामुळे कुठे उभं राहायचं त्याला कळेना. कोट घातला होता, पायांत बूट. खाली धक्क्यावर लाँच लागलेली दिसत होती.

"मोझेल."

"काय काका."

"ते ताट हवं होतं."

"का?"

"ज्या ताटात नवस बोलला त्यातच फेडावा लागतो. तिथं पोचल्यावर." त्याने घाम पुसला. "लहान पोरं आहेत बरोबर. तुझ्या भावाचं नवीन लग्न आहे. मी रात्रभर झोपलो नाही. तुला दुसरं घेऊन देतो म्हटलं असतं, पण आता इथं काही नाहीच द्यायला."

"आम्हाला नेत नाही, ताट नेता?"

आतून आईने विचारलं, "कोण, भावोजी आलेत? त्यांना पाट दे, मोझेल. उपाशी नको पाठवूस."

मला जे सुचलं ते आईमुळे सुचलं. मी ओटीवर पाट मांडला. नबीचं अर्धं खाडीत सोडून ताट रात्रीच घासून ठेवलेलं होतं. त्यात भाकर वाढली, सुक्या बांगड्याचं कालवण वाढलं, कांदा फोडून ठेवला.

"बसा काका. ह्यात दोन घास खा आणि ताट घेऊन जा. आईची आण, मी हूं की चूं करणार नाही."

"आत्ता? लाँच..."

"दोन घास."

त्याने खाली लाँचकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग दाराच्या अंधारात जिथे आईचा आवाज होता तिथे. मला वाटलं, जाईल. पण त्याने बूट काढले. तांब्या घेतला, अंगणाच्या कडेला जाऊन हात धुतले, आणि येऊन पाटावर बसला. हात पुसायला काही मागितलं नाही. उजवा हात भाकरीपर्यंत आला. बोटांची टोकं भाकरीला लागली असतील, मी शपथेवर सांगू शकत नाही.

हात तिथेच थांबला. बोटांवरून पाणी कालवणात ठिबकत होतं. काका म्हातारा दिसत होता. माझ्या बापाचं नाक होतं त्याला, बापाचेच कान. मी मनात म्हणत होते, खा. शिव्या देत म्हणत होते, पण खा म्हणत होते. सगळा राग एका घासावर सोडायला तयार होते मी.

लाँचने भोंगा दिला.

तो उठला. बूट हातात घेतले, पायांत घालायलासुद्धा थांबला नाही. ओल्या हातांनी, अनवाणी, उतारावरून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

"जेवले का ग भावोजी?" आईने विचारलं.

"लाँच सुटत होती."

"भरल्या ताटावरून उठवू नये माणसाला," ती म्हणाली. "थांबवायचंस."

ती वल्हांडणापर्यंत राहिली नाही. तिच्यामागे प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, गावात एकही उरला नव्हता. आईच्या माहेरच्या आगऱ्यांनी तिला आमच्या दफनभूमीत नेलं. ओळींच्या बाहेर पुरा की आत, हे सांगायलाही तिथे कोणी नव्हतं. मी तिला आत पुरलं, बापापासून लांब.

खूप वर्षांनी एस्तेर वहिनी आली होती, एकटी, केस पिकलेले. तिने सांगितलं, तिथे पोचल्यावर त्यांना विचारलं गेलं की तुम्ही खरे इस्राएल कशावरून? पुरावा द्या, नाहीतर तुमच्या पोरांची लग्नं लावणार नाही. काका त्याविरुद्ध पोराबाळांसह उन्हात रस्त्यावर धरणं धरून बसला होता.

"आणि नवस?" मी विचारलं.

"दुसऱ्या ताटात फेडला. पण मामंजींना ते शेवटपर्यंत लागलं. आजारपणात म्हणायचे, हात धुतले होते मी. एवढंच म्हणायचे. आम्हाला कुणाला कळायचं नाही." तिने घरात नजर फिरवली. "ते ताट आहे अजून?"

"आहे."

"बघू?"

मी तिला त्यातच वाढलं. ती जेवली, सगळं जेवली, आणि मग मला म्हणाली, माझ्याबरोबर चल तिकडे. मी नाही म्हटलं. तिथे मी कुठल्या खुंटीला?

आता मी एकटीच असते. काकाच्या ओटीवरची खुंटी मी कधीच उपटून टाकली. त्या ताटात रोज जेवते. वाढून झालं की बोटाने मधून रेघ ओढते आणि अर्ध्याला हात लावत नाही. थोडा वेळ थांबते. दार उघडंच असतं.

कोणी येत नाही. मग तेही मीच खाते.